मिनीस्कर्टमधला इराण: फोटो खरे, निष्कर्ष अर्धा

मिनीस्कर्टमधल्या इराणी स्त्रियांचे जुने फोटो जोडून व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो: 1979च्या इस्लामी क्रांतीपूर्वी इराणी स्त्रीला सगळे हक्क होते, नंतर सगळेच गेले. फोटो खरे आहेत, पण ते शहरी, सुखवस्तू वर्गाचे. 1976 साली जेमतेम 35 टक्के स्त्रिया साक्षर होत्या. 1996 साली हे प्रमाण 74 टक्क्यांच्या आसपास गेलं. मताधिकार 1963 साली मिळाला आणि तो क्रांतीनंतरही टिकला. (तसं 1975पासून क्रांतीपूर्वीचे राजे शहा यांनी एकच पक्ष ठेवला होता, मग मत द्यायचं कुणाला?) 1936 साली शहांच्या वडिलांनी पोलिसांकरवी स्त्रियांचे बुरखे उतरवले होते, हेही संदेशात नसतं.

खरा घाव बसला कौटुंबिक कायद्यावर. 1967च्या कायद्याने घटस्फोट कोर्टात नेला होता, 1975 साली मुलींचं लग्नाचं वय 18 झालं होतं. क्रांतीनंतर काही आठवड्यांतच हा कायदा गुंडाळला गेला. वय चांद्रवर्षांच्या हिशेबाने 9वर घसरलं. 2002 साली ते 13 झालं, तेही कोर्टाच्या परवानगीने त्याखाली लग्न लावण्याची पळवाट ठेवून. स्त्री न्यायाधीशांना पद सोडावं लागलं, त्यांत पुढे शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या शिरीन एबादीही होत्या. हिजाब न घातल्यास 74पर्यंत फटके, ही शिक्षा 1983 साली कायद्यात आली.