रोमानियन मासिकांत कथेशेजारी टीका कुठून आली

रोमानियातली छोटी साहित्यिक मासिकं बघितली की एक गोष्ट लगेच जाणवते, दोन-तीन कथा आणि त्यांच्याच शेजारी संस्कृतीवर, समाजावर नाहीतर कुणाच्या तरी पुस्तकावर कडक टीका. ही जोडी तिथं खूप जुनी आहे आणि माझ्या मते रोमानियन गद्य घडलंच मुळात या जोडीमुळं.

सुरुवात १८४० ची, याश शहरातली. तेव्हा रोमानिया नावाचा देशच नव्हता, मोल्डाव्हिया हे वेगळं राज्य होतं. तिथं मिहाईल कोगल्निचानू या विशीतल्या माणसानं 'दाचिया लितेरारा' हे मासिक काढलं आणि प्रस्तावनेतच ठणकावलं की नुसत्या भाषांतरांनी साहित्य होत नाही, आपला इतिहास, आपली गावं, आपली माणसं यांच्यावर लिहा. आणि त्याच पहिल्या अंकात कोस्ताके नेग्रुत्सीची कथा छापली, सोळाव्या शतकातल्या अलेक्सांद्रू लापुश्नानू या क्रूर राजाची. म्हणजे काय लिहावं हे लेखानं सांगितलं आणि ते कसं लिहावं हे कथेनं करून दाखवलं, तेही एकाच अंकात! तीन अंक निघाले आणि सरकारनं मासिक बंद पाडलं. ती कथा मात्र अजून वाचली जाते.

पुढं १८६३ मध्ये याशमध्येच परदेशातून शिकून आलेल्या काही तरुणांनी 'जुनिमेया' मंडळ काढलं आणि १ मार्च १८६७ ला त्यांचं 'कॉन्व्होर्बिरी लितेरारे' हे मासिक सुरू झालं. यांचा मुख्य टीकाकार तितु मायोरेस्कु. १८६८ मध्ये त्यानं लिहिलं की आपण युरोपातून संस्था, अकादम्या, संग्रहालयं सगळं उचलून आणलं पण आत काहीच नाही, नुसता साचा. हा वाद रोमानियात अजूनही अधूनमधून निघतोच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की एवढी कडक टीका करणाऱ्यांनी खेडेगावातल्या बोलीत लिहिणाऱ्या योन क्रांगाला जागा दिली. क्रांगा हुमुलेश्ती गावचा, शाळामास्तर, चर्चनं धर्मसेवेतून काढून टाकलेला. कवी मिहाय एमिनेस्कु तेव्हा शाळा तपासनीस होता, त्यानं याला लिहायच्या मागं लावलं आणि मंडळात नेलं, आणि १८७५ मध्ये क्रांगाची पहिली गोष्ट आली, एक सासू आणि तिच्या तीन सुनांची. मंडळाच्या बैठकीत लिखाण मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत होती, त्यामुळं कान तयार असलेले श्रोते समोरच बसलेले असायचे, बोलीतल्या गोष्टीला याहून चांगली जागा कुठली असणार.

विसाव्या शतकात नवीन प्रयोगसुद्धा छोट्या मासिकांतूनच आले. उर्मुझ या टोपणनावानं लिहिणारा कोर्टातला कारकून, विचित्र, तर्क मोडून टाकणारी चिमुकली गद्यं लिहायचा. कवी तुदोर आर्गेझीनं १९२२ मध्ये ती छापली आणि पुढच्याच वर्षी उर्मुझनं आत्महत्या केली. १९२८ मध्ये जेमतेम विशीच्या जिओ बोग्झानं कांपिना गावातून मासिक काढलं, नावच 'उर्मुझ' ठेवलं. उर्मुझची छापून आलेली पानं तशी मोजकीच, पण नाटककार इओनेस्कोसुद्धा त्याला मानायचा. याच काळाची वाईट बाजूही सांगायलाच हवी, 'गिंदिरेया'सारखं नामांकित मासिक हळूहळू कट्टर उजव्या राष्ट्रवादाकडं गेलं, त्यामुळं मासिक म्हटलं की सगळं उजळ असं अजिबात नाही.

कम्युनिस्ट राजवटीत सेन्सॉर आला. साठच्या दशकात थोडी ढील मिळाली, १९६८ मध्ये क्लुज शहरातल्या विद्यार्थ्यांनी 'एकिनॉक्स' सुरू केलं, रोमानियन, हंगेरियन आणि जर्मन तिन्ही भाषांची पानं एकाच मासिकात. मग १९७१ च्या जुलैत हुकूमशहा चाउशेस्कुनं संस्कृतीवर पुन्हा लगाम आवळला आणि १९८३ मध्ये तर टाईपरायटर पोलिसांकडं नोंदवणं, अक्षरांचा नमुना जमा करणं सक्तीचं झालं. असल्या दिवसांत स्वतःचं मासिक काढायचा विचार तरी कोण करणार? त्यामुळं मासिकाचं काम विद्यापीठातल्या वाचनमंडळांनी केलं. बुखारेस्टमध्ये ओव्हिद क्रोहमाल्निचानू हा टीकाकार तरुणांच्या कथा ऐकायचा, चर्चा घडवायचा, आणि त्यातूनच १९८३ मध्ये, टाईपरायटरच्याच वर्षी, 'देसांत ८३' हा कथासंग्रह निघाला. मिर्चा नेदेल्चू, गेओर्गे क्राचून, मिर्चा कर्तरेस्कु, सगळे त्यात होते. यातल्या क्राचूननं पुढं कादंबऱ्याही लिहिल्या आणि साहित्य सिद्धांतावरही लिहिलं, आणि कर्तरेस्कुनं १९९९ मध्ये रोमानियन पोस्टमॉडर्निझमवर जाडजूड समीक्षाग्रंथ लिहिला.