मामा तलावांचे लोकसहभागातून पुनरुज्जीवन

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातील) तलावांमधून, म्हणजेच बोलीत ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात त्या तलावांमधून, बेशरमासारख्या आक्रमक परदेशी वनस्पती समूळ काढणे, त्यांच्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावणे आणि त्या आधारे देशी मासे व पाणपक्षी यांचा अधिवास पुन्हा उभा करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. हे काम प्रामुख्याने गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत, पारंपरिक मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था, महिलांचे गट आणि ग्रामसभा यांच्या पुढाकाराने चालते. वन्यजीव संरक्षण म्हटले की अभयारण्य आणि वाघ एवढेच डोळ्यांपुढे येते. येथे मात्र संरक्षणाचा विषय गावालगतचे, शेतीला पाणी देणारे आणि माणसाने बांधलेले जलाशय हा आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे ६,५०० हून अधिक तलाव आहेत. त्यांपैकी बरेचसे गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी बांधले. उताराचा अचूक अंदाज घेऊन मातीची पाळ घालणे, पाणी सोडण्यासाठी तुडूम आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग बांधणे, वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावात उतरेल अशी साखळी जुळवणे हे त्यांचे कौशल्य होते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. तलावांवर धान आणि ऊस पिकत असे, ढिवर त्यांत मासेमारी करत, शिंगाडे लावत आणि कमळाचे कंद काढत. पाण्याचे वाटप पानकर पाहत असे.

ही व्यवस्था मालगुजारी रद्द झाल्यावर विस्कटली. १९५० च्या कायद्यानुसार ३१ मार्च १९५१ रोजी तलाव शासनाकडे गेले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे आले. पाळीची डागडुजी, गाळ काढणे, तुडुमाची देखभाल ही गावाची कामे राहिली नाहीत आणि ती दुसऱ्या कोणी नेटाने केली असेही झाले नाही. पाळ खचली, तळ गाळाने भरला, आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या उथळ काठावर बेशरमाने मूळ धरले.

बेशरम (शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया) ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील झुडूपवजा वनस्पती आहे. फिकट जांभळट-गुलाबी, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांमुळे ती नजरेत भरते, आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत म्हणून ती भारतात कुंपणाला लावली गेली. तिच्या पानांत विषारी द्रव्य असल्याने चाऱ्याच्या टंचाईत ती खाणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आजारी पडतात. तिचा खरा उपद्रव तिच्या चिवटपणात आहे. खोडाचा वीतभर तुकडा चिखलात पडला तरी त्याला मुळे फुटतात. पाण्यात उभी राहून ती वाढते आणि पाणी आटल्यावरही मरत नाही. तिच्या दाट जाळीत गाळ अडकतो, तळावर ऊन पोचत नाही आणि पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती नाहीशा होतात. बाहेरून पाहणाऱ्याला तलाव हिरवागार दिसतो, पण माशाला अंडी घालण्यासाठी लागणारा पाला त्यात उरलेला नसतो.

दुसरे आक्रमण माशांचे होते आणि ते जाणूनबुजून केले गेले. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन (संप्रेरक टोचून अंडी घालायला लावणे) यशस्वी केल्यानंतर कटला, रोहू व मृगळ यांचे बीज (लहान पिले) मुबलक मिळू लागले आणि देशभरच्या तलावांत ते सोडण्याची पद्धत रूढ झाली. हे मासे भारतीयच आहेत. पण येथील तलावांच्या दृष्टीने ते बाहेरचे होत, कारण ते वाहत्या पाण्याचे मासे आहेत आणि साचलेल्या पाण्यात आपण होऊन प्रजनन करत नाहीत. त्यामुळे संस्थेला बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यांच्या जोडीला १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया आणि १९५९ मध्ये आणलेला गवत्या मासा (ग्रास कार्प) हे परदेशी मासेही तलावांत पोचले. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते व वर्षातून अनेकदा पिले देते, त्यामुळे थोड्याच काळात तो तलाव व्यापतो. ग्रास कार्प तर पाणवनस्पतींवरच वाढतो; बेशरमातून जो पाला वाचला तोही त्याच्या तोंडी जातो.

देशी माशांचे गणित याच्या उलट आहे. मरळ, शिंगी यांसारखे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे तलाव जवळजवळ आटला तरी ओल्या चिखलात ते तग धरतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी चढले की त्यांचे व इतर लहान माशांचे प्रजनन होते, आणि त्यासाठी बीजाचा एक पैसाही खर्च करावा लागत नाही. बाजारात मरळेला कार्पपेक्षा चांगला भाव मिळतो आणि लहान मासे घरच्या जेवणात राहतात. उत्पादनाचे आकडे केवळ किलोंत मोजणाऱ्या धोरणाने ही बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवली, हे मान्य करावे लागेल.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी तलाव, मासे आणि पाणवनस्पती यांविषयीचे ढिवरांचे पारंपरिक ज्ञान नोंदवण्यास सुरुवात केली, तेव्हा हे सर्व दुवे एकत्र जुळले. कोणता मासा कोणत्या पाल्यात अंडी घालतो, कोणता तळाशी चरतो, कोणता काठाच्या गवतात लपतो हे जुन्या मच्छीमारांना ठाऊक होते. या माहितीच्या आधारे अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि आसपास तलाव दुरुस्तीचा क्रम बसवला गेला. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातील कार्यकर्त्यांनी महिलांना संघटित करून या कामाला बळ दिले. मासे पकडण्याचे काम पुरुषांचे मानले जात असल्याने सहकारी संस्थांच्या कारभारात स्त्रियांना फारसे स्थान नव्हते. तलावाचा तळ सुधारण्याच्या कामात मात्र त्या आघाडीवर आहेत.

कामाची वेळ ऋतूने ठरते. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की बेशरम कोयत्याने नुसते तोडून भागत नाही, कुदळीने मुळासकट खणावे लागते. उपटलेली झुडपे ओल्या जमिनीला न टेकवता पाळीवर वाहून नेऊन वाळवतात, कारण खाली राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा रुजतो. त्यानंतर कडक झालेला तळ नांगरून भुसभुशीत करतात. पावसाने तळ भिजून थोडे पाणी साचले की ज्या तलावात चांगला पाला शिल्लक आहे तेथून हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या, कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या आणि काठावरच्या लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींच्या जुड्या आणून गुडघाभर चिखलात हाताने रोवतात. ठरवून दिलेल्या खोलीला ठरलेली जात लावावी लागते. येथे भाताच्या रोवणीची सवय कामी येते. रोपे धरेपर्यंत त्या भागात गुरे जाऊ न देणे, तलावात ग्रास कार्प व तिलापिया न सोडणे आणि पावसाळ्याच्या आरंभी मासे अंड्यांवर असताना जाळे न टाकणे या गोष्टी गावाने व संस्थेने मिळून पाळाव्या लागतात. यांपैकी एक गोष्ट सुटली तरी आधीची मेहनत वाया जाते, आणि म्हणूनच ठेकेदाराकडून एकदाच बेशरम काढून घेण्याचा उपाय टिकत नाही.

पाणवनस्पतींचा लाभ माशांपुरता राहत नाही. हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना खाद्य मिळते, आणि महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा व चंद्रपूर एवढ्याच जिल्ह्यांत उरलेल्या सारस क्रौंचाला काठावरच्या लव्हाळ्याचे कंद लागतात. राज्यातील सारसांची संख्या जेमतेम काही डझन आहे. धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) किंवा तलावाच्या उथळ भागात तो काड्या-गवताचे मोठे घरटे करून बहुधा दोन अंडी घालतो. गोंदियातील ‘सेवा’ या संस्थेने, सावन बहेकर यांच्या पुढाकाराने, घरटी असलेल्या शेतांच्या मालकांशी बोलणे, घरट्यांवर पहारा ठेवणे आणि दर जूनमध्ये सारसांची गणना करणे असे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन उभे केले. घरटे राखायचे म्हणजे शेतकऱ्याने धानाचा तेवढा तुकडा सोडून द्यायचा असतो. तेथील शेतकरी हे करतात, याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

कायद्याचा आधार या कामाला तीन बाजूंनी मिळतो. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन होते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. वन हक्क कायदा, २००६ मधील कलम ३ जलाशयांतील मासे व इतर उपज यांवरील सामूहिक हक्क मान्य करते, तसेच सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी जातींची व्याख्या आली आणि त्यांच्या आयातीवर व प्रसारावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. प्रत्यक्षात मात्र तलावाची मालकी एका विभागाकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, सिंचनाचा हक्क शेतकऱ्यांकडे आणि वनहद्दीतील तलावांवर वन विभागाचे नियंत्रण अशी वाटणी असल्याने ग्रामसभेचा ठराव अनेक टेबलांवर फिरतो. ठेक्याची मुदत संपत आली की पुढच्या वर्षी ज्याचा लाभ दुसऱ्याला मिळेल अशी लागवड करण्यास संस्था कचरते. यंत्राने गाळ काढण्याच्या योजनांत तळ सरसकट खोल व उभ्या कडांचा केला जातो. त्याने पाणी वाढते, पण पाला रुजण्यासाठी लागणारा उथळ उतार नाहीसा होतो. खोदाई तलावाच्या मध्यभागापुरती ठेवून काठाचा उतार तसाच सोडावा, ही ढिवरांची मागणी आहे.