उनोला दुसरा सिरियल पोर्ट हवा असेल तर

आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला निओ-६एम हा जीपीएस मॉड्यूल जोडायला घेतला की पहिली अडचण जागेची. बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवायची-घ्यायची वाट) एकच, तोही पिन ० आणि १ वर, आणि संगणकावरून प्रोग्राम चढतो तो याच वाटेने. जीपीएसची टीएक्स (पाठवणारी) वायर पिन ० ला लावलेलीच राहिली तर अपलोड अडकतं आणि पडद्यावर 'नॉट इन सिंक' झळकतं. उनोच्या तिसऱ्या आवृत्तीत यूएसबीची चिप या पिनपर्यंत १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पोचते. जीपीएस थेट लागलेला, त्यामुळे जोर त्याचाच चालतो.

मग दुसरा पोर्ट सॉफ्टवेअरने उभा करायचा. सॉफ्टवेअरसिरियल ही लायब्ररी आयडीईसोबतच, म्हणजे आर्डुइनोचे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरसोबतच येते. पिन ४ आरएक्स (घेणारी), पिन ३ टीएक्स असं सांगितलं की काम भागतं, पण बिट मोजण्याची हमाली आता प्रोसेसरच्या गळ्यात पडते.

सिरियलमध्ये क्लॉकची वेगळी वायर नसते. एरवी वर असलेली लाइन खाली आली की तो स्टार्ट बिट. वेळ मोजायची ती तिथून. जीपीएसच्या ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. प्रोसेसर दीड बिट थांबतो, म्हणजे स्टार्टनंतरच्या पहिल्या बिटच्या बरोबर मध्यावर येतो, आणि मग दर १०४ मायक्रोसेकंदांनी एकेक करत आठ बिट वाचतो. १६ मेगाहर्ट्झच्या चिपला हा वेळ ऐसपैस. ११५२०० बॉडला मात्र बिट जेमतेम ८.७ मायक्रोसेकंदांचा, आणि लाइन खाली आली तेव्हा चिप टायमरच्या इंटरप्टमध्ये (मध्येच आलेल्या तातडीच्या कामात) गुंतलेली असली की वाचन सरकतं, अक्षरांच्या जागी कचरा येतो. शिवाय असे दोन पोर्ट केले तरी एका वेळी एकाचंच ऐकता येतं.

बरेच जण फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. लायब्ररीचा बफर, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा, ६४ बाइटचा आणि जीपीएसचं एक वाक्य ८२ अक्षरांपर्यंत जाऊ शकतं. प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या लूपमध्ये निवांत एक सेकंदाचा डिले टाकला की बफर भरतो, पुढची अक्षरं वाया जातात आणि दोष मात्र अँटेनाला दिला जातो! डिले काढा, आलेलं अक्षर लगेच उचला.

दोन्ही बोर्डांचे ग्राउंड जोडायला विसरू नका. जीपीएसचे ३.३ व्होल्ट उनोला वाचता येतात. उलट दिशेने ५ व्होल्ट जाऊ नयेत म्हणून व्होल्टेज कमी करणारा, १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा डिव्हायडर लावायचा. नुसतं स्थान वाचायचं असेल तर उनोकडून जीपीएसकडे जाणारी वायर जोडूच नये, हे उत्तम. मेगा बोर्डवर चार हार्डवेअर पोर्ट असतात खरे, पण एका जीपीएससाठी मेगा घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. जीपीएसबरोबर मोबाइल नेटवर्कचा जीएसएम मॉड्यूलही सतत बोलणार असेल तर गोष्ट वेगळी.