स्पीडवे शर्यतपटूंची दीर्घ कारकीर्द

स्पीडवे हा मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवरचा मोटारसायकल शर्यतीचा प्रकार. या खेळात वीस-पंचवीस वर्षे वरच्या पातळीवर टिकलेले रायडर बरेच सापडतात. चाळिशी ओलांडल्यावर जगज्जेतेपद मिळवल्याचेही उदाहरण आहे. ज्या गाडीला ब्रेकच नसतो तिच्यावर माणूस इतकी वर्षे कसा टिकतो, हा या नोंदीचा विषय आहे.

गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच. शर्यतीत चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. सगळा मामला जेमतेम मिनिटभराचा. वळण आले की मागचे चाक बाहेर फेकून गाडी आडवी करायची, पुढचे चाक उजवीकडे वळवायचे आणि डावा पाय जमिनीला टेकवून घसरतच वळण काढायचे. त्या पायातल्या बुटाच्या तळाला पोलादी पत्रा असतो. तो नसेल तर बूट एका संध्याकाळीही टिकणार नाही.

दीर्घ कारकिर्दीचे पहिले कारण या मिनिटातच आहे. लीगच्या एका सामन्यात रायडर साधारण चार ते सात वेळा ट्रॅकवर उतरतो, म्हणजे प्रत्यक्ष शर्यत पाच-सहा मिनिटांची. मोटोक्रॉसमध्ये उड्या मारत अर्धा तास गाडी हाकताना जो दम लागतो, तो इथे लागत नाही. लागते ती नजर. स्टार्टच्या फितीसमोर येण्याआधी रायडर चाकाखालची माती बुटाने उकरतो, सैल माती बाजूला सारतो आणि टायरला पकड मिळेल असा घट्ट पट्टा शोधतो. फिती वर उडाल्या की क्लच किती सोडायचा हे हाताला आपोआप कळावे लागते. जरा जास्त सुटला तर पुढचे चाक उचलले जाते, कमी सुटला तर बाकीचे तिघे पहिल्या वळणात पुढे. बहुतेक शर्यतींचा निकाल त्या वळणातच लागतो. पुढे दर शर्यतीगणिक माती बाहेरच्या कडेला सरकत जाते, म्हणून पहिल्या शर्यतीत आतली रेषा चालली तरी दहाव्या शर्यतीत ती चालेलच असे नाही. हे ज्ञान वयाबरोबर वाढते, आणि म्हणूनच चाळिशीतला रायडर विशीतल्याला मागे टाकू शकतो.

दुसरे कारण खेळाच्या रचनेत आहे. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये क्लबांच्या लीग आहेत. एकच रायडर एकाच हंगामात दोन-तीन देशांतल्या क्लबांकडून उतरू शकतो. पोलंड व ब्रिटनमध्ये लीगच्या एकाहून अधिक श्रेणी असल्याने वय झालेल्याला खालच्या श्रेणीत काम मिळते. पोट चालते, हात चालू राहतो.

जागतिक अजिंक्यपद १९३६ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर सुरू झाले. १९९४ पर्यंत, एखादा अपवाद वगळता, विजेता एकाच संध्याकाळी ठरत असे: सोळा रायडर, वीस शर्यती, प्रत्येकाला पाच. त्या संध्याकाळपर्यंत पोहोचायला दरवर्षी पात्रता फेऱ्या पार कराव्या लागत. हे लक्षात घेतले की न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्ज यांचे मोठेपण कळते. १९५४ ते १९७० अशी सलग सतरा वर्षे त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि १९५७, १९५८, १९६४ व १९६६ मध्ये ती जिंकली. १९७२ च्या अंतिम फेरीतील अपघातात त्यांचे एक बोट गेले, तरी त्यानंतरही ते शर्यतीत उतरले. प्रस्तुत लेखकाच्या मते चार जेतेपदांहून त्या सतरा वर्षांचे वजन जास्त आहे.

त्यांचेच देशबंधू आयव्हन मेजर (१९३९–२०१८) यांची गोष्ट वेगळी. सतराव्या वर्षी ते इंग्लंडला गेले, तिथे जम बसला नाही म्हणून मायदेशी परतले आणि १९६३ मध्ये न्यूकॅसल क्लबसाठी पुन्हा आले. पहिले जगज्जेतेपद मिळाले १९६८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यानंतर १९६९, १९७०, १९७२, १९७७ आणि १९७९ अशी एकूण सहा. शेवटचे पोलंडमधील खोझूव येथे मिळवले तेव्हा चाळिशीला महिनाभर बाकी होता. मधल्या काळात दोन व्हॉल्व्हच्या इंजिनांची जागा चार व्हॉल्व्हच्या इंजिनांनी घेतली, म्हणजे हातात बसलेली गाडी सोडून नवी शिकावी लागली. गाडीची तयारी, प्रवास, विश्रांती यांची काटेकोर आखणी ही मेजर यांची ओळख होती. त्यांच्या सहा जेतेपदांची बरोबरी पुढे स्वीडनचे टोनी रिकार्डसन (जेतेपदे १९९४ ते २००५ दरम्यान) यांनी केली.

१९९५ पासून ग्रां प्री मालिका आली आणि जेतेपद पूर्ण हंगामातील गुणांवर ठरू लागले. एका रात्रीचे नशीब मागे पडून सातत्याला महत्त्व आले आणि अनुभवी रायडरांना त्याचा फायदाच झाला. अमेरिकेचे ग्रेग हॅनकॉक (जन्म १९७०) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. पहिल्या मालिकेपासून २०१८ पर्यंत प्रत्येक हंगामात ते उतरले. १९९७ मध्ये ते जगज्जेते झाले. दुसरे जेतेपद आले थेट २०११ मध्ये, चौदा वर्षांनी. मग २०१४, आणि २०१६ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी चौथे. त्या वर्षी तिसरा आलेला पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक १९९५ चा, म्हणजे ग्रां प्री सुरू झाली त्याच वर्षी जन्मलेला. २०२० च्या फेब्रुवारीत हॅनकॉक यांनी निवृत्ती जाहीर केली. झ्मार्झलिक यांनी २०१९ ते २०२५ या सात वर्षांतच सहा जेतेपदे मिळवली. मेजर यांना त्यासाठी बारा हंगाम लागले होते.

बर्फावरच्या शर्यतीत, जिथे टायरला लांब खिळे असतात, स्वीडनचे अग्निशामक जवान पेर-ओलोव्ह सेरेनियस २००२ मध्ये पन्नाशी उलटल्यावर जगज्जेते झाले.

ही यादी वाचताना जे टिकले नाहीत त्यांना विसरणे अन्यायाचे ठरेल. तीन वेळचे विजेते एरिक गुंडरसन यांची कारकीर्द १९८९ मध्ये ब्रॅडफर्डच्या अपघाताने संपली. ऑस्ट्रेलियाचे डार्सी वॉर्ड २०१५ मध्ये, विशीतच, कायमचे जायबंदी झाले. हवा भरलेल्या कुंपणांमुळे मोठ्या स्पर्धांत धोका कमी झाला आहे, संपलेला नाही.

आता आपल्याकडचे पाहू. नाशिकमध्ये स्पीडवेचा ट्रॅक नाही, पण मातीवरची गाडी इथे परकी नाही. राष्ट्रीय सुपरक्रॉस आणि दुचाकी रॅलीच्या फेऱ्या शहरात व परिसरात झाल्या आहेत. मोकळ्या मैदानावर जेसीबीने मुरुमाचे उंचवटे रचायचे आणि टँकरने पाणी मारून धूळ बसवायची, हे दृश्य इथल्या प्रेक्षकांच्या ओळखीचे आहे. सुपरक्रॉसमध्ये उड्या असतात, गिअर आणि ब्रेक असतात. स्पीडवेचा ट्रॅक सपाट. पाणी किती मारायचे हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा: कमी पडले तर पुढच्याच्या धुळीत मागचा आंधळा, जास्त झाले तर चिखल.

आपल्याकडच्या रायडरचा खरा अडसर वय नाही, शर्यतींची संख्या आहे. राष्ट्रीय मालिकेत वर्षाकाठी मोजक्याच फेऱ्या होतात; पोलंडचा रायडर हंगामात दर आठवड्याला फितीसमोर उभा राहतो. २०२४ मध्ये पुण्यातून सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगने क्लबऐवजी संघांची पद्धत आणली, पण आठवड्याच्या लीगला तो पर्याय नाही. युरोपातला हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असा चालतो. मध्य युरोपात उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी सातला सुरू होणारी ग्रां प्री नाशिकमध्ये रात्री साडेदहाला पाहता येते.