मळ्यावर मुक्कामाला येताना, आणि पहिल्या संध्याकाळी

तुमचं बुकिंग झालं आहे. आता बॅगा भरण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी वाचावं, ही विनंती. सुट्टी कशी जाईल ते बरंचसं पहिल्या चार-पाच तासांत ठरतं, असा आमचा अनुभव आहे.

शक्यतो उजेडात पोचा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सोडला की पुढचा रस्ता शेतातला आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा डोक्याच्या वर गेलेल्या असतात, त्यामुळे रात्री वळण समोर येईपर्यंत दिसत नाही. कापणी चालू असेल तर समोरून घडांनी भरलेला ट्रॅक्टर येईल. भरलेली ट्रॉली मागे घेणं फार जिकिरीचं असतं, म्हणून गाडी तुम्हीच मागे घ्या. मागे एक कुटुंब रात्री साडेअकराला पोचलं. मोबाइलच्या नकाशानं त्यांना भलत्याच बांधावर नेऊन सोडलं होतं. धाकटी मुलगी झोपेतून उठली ती रडतच, आणि दोन दिवस तिला आईच्या कडेवरून खाली उतरायचं नव्हतं. आम्हाला ते फार लागलं. तेव्हापासून आमचा माणूस मोटारसायकल घेऊन फाट्यावर येतो. फैजपूर सोडताना फक्त एक फोन करा.

रेल्वेनं येणाऱ्यांनी भुसावळला उतरावं. सावदा आणि रावेर ही स्टेशनं जवळ आहेत खरी, पण लांबच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. भुसावळहून फैजपूरला एसटी मिळते. हे तेच फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. सोबत आजी-आजोबा असतील तर मुलांना ही गोष्ट वाटेत त्यांच्याकडूनच ऐकू द्या.

खोली दुपारी १ नंतर मिळते. लवकर आलात तर ओसरीवर बसा, माठातलं पाणी आणि ताक तयार असतं. मोठ्या माणसांच्या आधारकार्डाची झेरॉक्स रजिस्टरला लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सामान खोलीत टाकण्याआधी मुलांना घेऊन आमच्याबरोबर मळ्याची एक फेरी मारा. अर्धा तास लागतो. या फेरीत आम्ही मुलांना विहीर आणि शेततळं दाखवतो. विहिरीला कठडा आहे, वर जाळीही आहे. काळजी शेततळ्याची जास्त. त्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही काठ चढून वर येता येत नाही. आमच्या तळ्याला तारेचं कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे, आत टायर बांधलेले दोर सोडलेले आहेत. तरीही मुलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि ‘इथे एकटं यायचं नाही’ हे आईवडिलांच्या तोंडून ऐकावं, असा आमचा आग्रह आहे. ही फेरी झाल्याशिवाय आम्ही खोलीची किल्ली देत नाही. कृपया राग मानू नका.

फेरीला जाताना मुलांना जुने कपडे घाला. केळीचं पान किंवा खोड मोडलं की पाण्यासारखा चीक येतो. तेव्हा काहीच दिसत नाही, पण वाळल्यावर तपकिरी डाग उठतो आणि तो कशानंही जात नाही. बूट-चपला बाहेर काढल्या असतील तर घालण्याआधी झटकून घ्या, विंचवाचा भाग आहे. संध्याकाळनंतर बागेत बॅटरीशिवाय जाऊ नका.

उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी थोडं. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अकरा ते पाच घरातच राहा. खोलीत कूलर आहे. तो चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पाहुणे गारवा जाईल म्हणून सगळं बंद करतात, मग ओली हवा आतच कोंडते आणि चादरी दमट लागतात.

जेवण चुलीवरचं असतं. पहिल्या रात्री वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी ठरलेली, कारण प्रवासातून आलेल्या मुलांना ती सोसते. थंडीच्या दिवसांत भरीत हवं असेल तर सकाळीच सांगा. हिरवी-पांढरी, मोठी भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजावी लागतात. मग साल काढून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ती ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाण्यांची फोडणी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, म्हणून आम्ही तसं करत नाही. मुलांचा वाटा मिरची घालण्याआधी बाजूला काढून ठेवतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

सातपुड्यातलं पाल हे थंड हवेचं गाव, मनुदेवीचं देऊळ, अजिंठ्याची लेणी हे सगळं दुसऱ्या दिवसापासून. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्यातच खरा. अजिंठ्याला अख्खा दिवस द्या, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. पहिल्या संध्याकाळी मात्र कुठेच जाऊ नका. ओसरीवर बसा, उत्तरेला सातपुडा आधी निळा आणि मग काळा होताना दिसतो. मुलांना ठिबकच्या नळ्यांतून थेंब कसे पडतात ते बघू द्या, वासराला चारा घालू द्या. ज्या घरांनी पहिली संध्याकाळ अशी काढली, त्यांची मुलं दुसऱ्या सकाळी आपणहून गोठ्यात आलेली आम्ही पाहिली आहेत.

रात्रीची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शेतीची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की मध्येच विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते, आणि पाइपात पाणी चढताना मोठा आवाज येतो. लहान मुलं दचकतात. झोपण्याआधी त्यांना सांगून ठेवा, केळीला पाणी सुटलं आहे. तरी भीती वाटली तर आमचं घर अंगणापलीकडेच आहे. ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू असतो, दार वाजवा.