लढाऊ विमानातला ‘जी’ आणि बाईचं शरीर

‘लढाऊ विमानाच्या वळणातला दाब बाईच्या शरीराला सोसत नाही, ती बेशुद्ध पडते’ हा मेसेज आपल्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर कैक वर्षं फिरतोय. वाचल्यावर पटतो, पण खरा नाही.

अर्धी भरलेली बादली हातात धरून वरून खाली गरागरा फिरवा. पाणी सांडत नाही, बुडाशी दाबून राहतं. वेगानं वळणाऱ्या विमानात रक्ताचं तसंच होतं. ते पायांकडे ओढलं जातं, नजरेच्या कडा करड्या होतात, दाब टिकला तर शुद्ध हरपते. या ओढीचं माप म्हणजे ‘जी’; १ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. ५ जीला ६० किलोचं शरीर ३०० किलोंइतकं जड होतं, मग ते कुणाचंही असो.

यावरचा उपाय तालमीत रोज दिसतो. खाली सापडलेला पैलवान मांड्या-पोट आवळून दम धरतो. वैमानिकही तेच करतात आणि दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास बदलतात. जोडीला फुगून पाय-पोट आवळणारा जी-सूट असतो. हे सगळं सरावानं येतं. सेंट्रीफ्यूजमधल्या, म्हणजे माणसाला गरागरा फिरवून असा दाब आणणाऱ्या यंत्रातल्या चाचण्यांत स्त्री-पुरुषांच्या सहनशक्तीत लक्षणीय फरक दिसलेला नाही. उलट हृदयापासून डोक्याचं अंतर कमी असेल, तर फायदाच होतो!

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत महिलांनी लढाऊ विमानं उडवली, आपल्या हवाई दलात २०१६ पासून महिला लढाऊ वैमानिक आहेत. स्वतः पडताळायचं असेल, तर भरतीचे निकष काढून वाचा. उंची, पायाची लांबी, नजर यांची मापं तिथं दिलेली असतात; ‘बाईला दाब सोसत नाही’ असं काही नसतं.