अर्बुदाचा चयापचय आणि प्रतिकारपेशी

कर्करोगाची गाठ साखर कशी वापरते आणि त्यापायी तिच्यात शिरलेल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) का दुबळ्या पडतात, हा या नोंदीचा विषय. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारे उपचार, काही रुग्णांत लागू न पडण्याचे एक कारण इथे आहे.

द्राक्षरस आंबवणाऱ्या नाशिककरांना मूळ क्रिया ओळखीची वाटेल. रसात साखर मुबलक असली की यीस्ट हवा मिळत असूनही किण्वनच करते. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांना १९२० च्या दशकात गाठीच्या पेशींत तेच दिसले. फक्त अल्कोहोलच्या जागी लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे रूप. ग्लुकोजच्या एका रेणूमागे जेमतेम २ एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू) हाती लागतात, पूर्ण ज्वलनात सुमारे ३० मिळाले असते. पण साखर झपाट्याने खपते आणि नव्या पेशी बांधायला कच्चा माल मिळतो.

मारेकरी टी-पेशीही चेतली की ग्लुकोजच मागते. ते कमी पडले की तिच्यातून इंटरफेरॉन-गॅमा (प्रतिकार चेतवणारे प्रथिन) पुरेसे सुटत नाही. त्याहून वाईट लॅक्टेट. रक्तात ते लिटरला १-२ मिलिमोल असते, गाठीत १० च्या वर, कधी ३०, सामू (पीएच) ७.४ वरून ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. बाहेरच एवढा साठा असला की टी-पेशीचे स्वतःचे लॅक्टेट आत तुंबते आणि तिचे काम मंदावते. प्रतिकार आवरणाऱ्या नियामक टी-पेशी मात्र त्याच लॅक्टेटवर निभावून नेतात.

पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध, बहुधा २०० मिग्रॅ दर ३ आठवड्यांनी शिरेतून, टी-पेशीचा ब्रेक काढते. इंधन पुरवत नाही. नुसती एक वाट अडवूनही भागत नाही: ट्रिप्टोफॅन (टी-पेशींना लागणारे एक अमिनो आम्ल) मोडणारे विकर रोखणारे एपाकाडोस्टॅट हे औषध पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीला दिले, तरी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत २०१८ मध्ये फायदा दिसला नाही. रक्तातले एलडीएच (लॅक्टेट बनवणारे विकर) वाढलेले असेल तर मेलॅनोमात प्रतिसाद सहसा कमी मिळतो. मात्र नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी हा आकडा खोटा फुगतो.

गाठीची ही भूक पेट स्कॅनमध्ये दिसते: त्यात किरणोत्सारी खुणेचे ग्लुकोज टोचून ते कुठे जमते ते पाहतात. त्यासाठी किमान ६ तास उपाशी राहायचे, साधे पाणी चालते. ‘उपाशी’ म्हणजे ‘उपास’ समजून साबुदाण्याची खिचडी खाल्ली की इन्सुलिन वाढते आणि खुणेचे ग्लुकोज स्नायूंत जाते. आदल्या दिवशी ब्रह्मगिरी डोंगर चढलेल्याच्या पोटऱ्याही चमकू शकतात. चेतलेल्या प्रतिकारपेशीही साखर ओढतात, त्यामुळे उपचार सुरू असताना गाठ वाढल्यासारखी भासू शकते. रुग्णाची तब्येत बरी असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मगच औषध बदलायचे ठरवतात.